हाकेच्या अंतरावर

पानदेसाल गरम असतानाच खावा. वरून ब्रेडचा बारीक चुरा लावलेला, मुठीत मावेल एवढा हा पाव फिलिपिन्समधल्या गल्लीबोळातल्या बेकऱ्यांत पहाटेपासून भट्टीतून निघू लागतो आणि आठ वाजेपर्यंत त्याची खरी चव ओसरलेली असते. दुपारी तो खाता येतो, पण तेव्हा तो नुसता पाव असतो.

आमच्या शेजारच्या घरात तो सकाळी साडेसहाला येतो. आणतो घरातला बाप. कालाम्बाकडच्या औद्योगिक वसाहतीत इलेक्ट्रॉनिक्सच्या एका कारखान्यात तो रात्रपाळीला असतो. पाळी सुटली की जीपनी, म्हणजे इथली बससारखी लांब जीप, पकडायची, कोपऱ्यावर उतरायचं, तपकिरी कागदाच्या पिशवीत पाव घ्यायचे आणि पिशवी छातीशी धरून चालत घर गाठायचं. त्या वेळी आई कामावर निघायच्या घाईत असते, थोरली लेक केस विंचरत असते, धाकट्याच्या एकाच पायात मोजा असतो. बाप दारात आला की सगळी धावपळ थांबते. आजी धरून पाच जण टेबलाशी बसतात आणि पाव मोडतात. शनिवारच्या बाजारातून केसोंग पुती आणलेलं असेल तर त्याचा एकेक तुकडा पावात जातो. म्हशीच्या दुधाचं हे ताजं, मऊ, जरा खारट चीज केळीच्या पानात गुंडाळून विकतात. आमच्या लागुना प्रांतातलं सांताक्रूझ त्यासाठी नावाजलेलं आहे. सात वाजता बाप झोपायला जातो, बाकीचे बाहेर पडतात. सकाळी अख्खं घर एका जागी असतं ते एवढाच वेळ.

या घराविषयी लिहायचं बरेच दिवस मनात होतं. आम्ही राहतो ते लॉस बान्योस मनिलाच्या दक्षिणेला साठेक किलोमीटरवर आहे. एका बाजूला माकिलिंगचा डोंगर, दुसऱ्या बाजूला लागुना द बाय हे या देशातलं सर्वांत मोठं सरोवर. डोंगराच्या पोटात अजून धग आहे, त्यामुळे गावात जागोजागी गरम पाण्याचे झरे आहेत आणि शनिवार-रविवारी मनिलाहून माणसं आंघोळीला येतात. माझा नवरा भाताच्या वाणांवर काम करतो. १९६० साली स्थापन झालेली आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्था या गावात आहे. १९६६ साली इथून बाहेर पडलेलं आयआर-८ हे ठेंगणं वाण भारतातही पेरलं गेलं. आपल्याकडच्या म्हाताऱ्या शेतकऱ्यांना ते नाव ओळखीचं वाटेल. मी घरून काम करते, म्हणून शेजारच्या घराचं येणंजाणं माझ्या खिडकीतून दिसत राहतं.

त्या घरातल्या आईला आमच्या गल्लीत सगळे 'आते' म्हणतात. थोरल्या बहिणीला इथे अशीच हाक मारायची रीत आहे, आणि ती माझ्यापेक्षा मोठी असल्यामुळे मीही तसंच म्हणते. तिच्या आईला सगळे लोला म्हणतात, म्हणजे आजी. आमच्या दोन घरांमधल्या कुंपणाला शेवगा आहे. त्याचा पाला आते नेते, शेंगा मी. शेंगांचं करायचं तरी काय, असं तिला वाटायचं. एकदा आमटीतली शेंग चोखून कशी खायची ते मी तिच्या मुलाला दाखवलं, तेव्हापासून तो माझ्याकडे शेंगांसाठी येतो. पाल्याचं महत्त्व मात्र मला तिने शिकवलं. कोंबडी, आलं आणि कच्ची पपई घालून उकळलेल्या रश्श्यात शेवटी शेवग्याचा मूठभर पाला टाकला की तिनोला तयार. बाळंतिणीला दूध यावं म्हणून हाच रस्सा देतात. तिच्या धाकट्याच्या वेळी कुंपणावरचा शेवगा आमच्या बाजूनेही ओरबाडला गेला होता.

आते त्याच भात संस्थेच्या बियाणे कोशात काम करते. तिथे जगभरातून आणलेल्या भाताचे १,३०,००० हून अधिक नमुने जपून ठेवलेले आहेत. दीर्घकाळ टिकवायचे ते उणे २० अंशांवर, लागतील तसे द्यायचे ते दोन ते चार अंशांवर. भारतातली हजारो वाणं त्यात आहेत. पण थंडीत ठेवण्याआधी प्रत्येक नमुना निवडावा लागतो, आणि तो माणसाच्या डोळ्यांनी. पांढऱ्या पाटावर मूठभर दाणे पसरायचे आणि रंग, लांबी, टोक, कुसळ बघत बघत परका दाणा, फुटका दाणा, रोगट दाणा बाजूला काढायचा. आते हे वर्षानुवर्षं करते आहे. तिच्या हातून गेलेलं बी पुढे कुठल्या देशात पेरलं जाईल हे तिला माहीत नसतं, पण आपल्या हातून चुकीचा दाणा पुढे जाऊ नये याची तिला लागलेली काळजी खरी आहे. हे काम शांतपणे, पाठ सरळ ठेवून, तासन्‌तास करायचं. संध्याकाळी घरी आली की पहिली दोन मिनिटं ती डोळे मिटून दारातल्या बाकावर बसते. मुलगा तेवढा वेळ तिच्या मांडीवर डोकं ठेवून गप्प राहतो. त्याला हे कोणी शिकवलेलं नाही.

तिचा दिवस पहाटे साडेचारला सुरू होतो. आदल्या रात्री भात मुद्दाम जास्त शिजवलेला असतो, कारण सकाळी त्याचा सिनांगाग करायचा असतो. तेलात भरपूर लसूण तांबूस करायचा, त्यात गार भात मोकळा करून परतायचा, मीठ टाकायचं. मोहरी आणि हळद सोडली तर हा आपला फोडणीचा भातच. सोबत अंडं, नाहीतर सुकवलेला मासा. हाच भात डब्यात भरून शाळेतही जातो. भात शिजवताना पाणी किती घालायचं हे ती तर्जनीच्या पहिल्या पेराने मोजते. माझी आई राजापुरात तसंच मोजते. पहिल्यांदा आतेला तसं करताना बघितलं तेव्हा मी तिच्या ओट्याजवळच थांबले आणि मला आईला फोन करावासा वाटला.

दुपारी साडेबाराला शाळा सुटली की मुलाला आणायला लोला जाते. बाप तेव्हा झोपलेला असतो. खिडकीला जाड चादर लावलेली असते आणि त्या खोलीपुढून सगळे चवड्यांवर चालतात. चारला तो उठतो, संध्याकाळचा स्वयंपाक तोच करतो. त्याचं सिनिगांग गल्लीत प्रसिद्ध आहे. चिंचेच्या आंबट पाण्यात मासा किंवा डुकराचं मांस, त्यात मुळा, चवळीच्या शेंगा, वांगं आणि नाळीची भाजी. आते पाचच्या सुमाराला येते, सहाला सगळे जेवतात आणि त्यानंतर तो कारखान्यात जायला निघतो. म्हणजे संध्याकाळीही एक तास मिळतो. पण त्या तासाला सगळे थकलेले असतात, म्हणून मला त्यांचा सकाळचा अर्धा तासच खरा वाटतो.

आता लोलाबद्दल.

लोला हाँगकाँगला घरकामगार होती. ऐंशीच्या दशकाच्या शेवटी ती गेली तेव्हा आते पहिलीत होती. नवरा अकाली गेलेला, लागुनातली थोडी जमीन गहाण पडलेली, आणि गल्लीतल्या दोघीतिघी आधीच तिकडे गेलेल्या. या देशात १९७४ च्या कामगार कायद्यापासून परदेशात काम मिळवून देण्याची व्यवस्था सरकारनेच उभी केली, आणि कधीकाळी तात्पुरती म्हणून सुरू झालेली ती वाट मग रुंदच होत गेली. आज परदेशी कामाला गेलेल्या फिलिपिनोंमध्ये निम्म्याहून जास्त बायका आहेत. त्यातल्या कितीतरी जणींना स्वतःची मुलं आहेत, आणि त्यातल्या बऱ्याच जणी तिकडे दुसऱ्याची मुलं सांभाळतात.

लोला रविवारची सुट्टी कशी घालवायची ते एकदा तिने मला सांगितलं. हाँगकाँगच्या सेंट्रल भागात रविवारी चेटर रोड गाड्यांना बंद असतो. त्या रस्त्यावर, आजूबाजूच्या चौकात, उंच इमारतींच्या सावलीत हजारो फिलिपिनो बायका पुठ्ठे अंथरून दिवसभर बसतात. घरून आणलेलं जेवतात, एकमेकींची नखं रंगवतात, पत्रं लिहितात, पत्ते खेळतात. लोला तिथेच बसून कॅसेट भरायची. तेव्हा फोन महाग होता आणि गावात तर नव्हताच, म्हणून कॅसेटवर बोलून ती टपालाने पाठवायची रीत पडली होती. आते आणि तिचा भाऊ मावशीच्या घरी टेपरेकॉर्डरभोवती बसून ती ऐकायचे. अभ्यास करा, मावशीला त्रास देऊ नका, पावसात भिजू नका, आणि मग शेवटी एक गाणं. ती गाणी आतेला अजून पाठ आहेत, आईने जिथे श्वास घेतला तिथे श्वास घेत ती म्हणते.

वर्षातून एकदा जहाजाने मोठं खोकं यायचं. कॉर्न्ड बीफचे डबे, साबण, टॉवेल, चॉकलेटं, वह्या आणि बूट. बुटांचं माप कळावं म्हणून मुलांनी कागदावर पाऊल ठेवून पेन्सिलने त्याची कड काढायची आणि तो कागद पत्रातून आईला पाठवायचा. कागद पोचायला लागणारे दिवस, आईला पगार होईपर्यंतचे दिवस, खोकं भरून जहाजाने येण्यातले महिने. तोवर पाय वाढलेला असायचा. आते ते बूट टाच दाबून घालायची, कारण ते आईने आणलेले होते. लोलाने तिच्याकडच्या डब्यातून त्यातला एक कागद काढून मला दाखवला. लहान मुलीचा डावा पाय, खाली वाकड्या अक्षरात तारीख.

हे ऐकताना मला माझ्या आजीचं घर आठवणं साहजिक होतं. आजोबांनी लालबागच्या गिरणीत उभी हयात काढली. ते गणपतीला आणि शिमग्याला यायचे, एरवी मनीऑर्डर यायची. आमच्याकडच्या कितीतरी घरांची हीच कथा आहे आणि आपण तिच्यावर पुष्कळ लिहिलंही आहे. पण कोकणातून जाणारा तो बाप होता. चूल, आजारपण, शाळेची फी, रात्री घाबरून उठलेलं मूल, हे सगळं निभावायला आई घरात होती. इथे आईच गेली. त्या फरकाचं वजन मला आतेच्या शेजारी राहूनच कळलं. आणि म्हणून फिलिपिनो बायकांच्या सोशिकतेचं, त्या कशा हसतमुख असतात याचं जे कौतुक सारखं कानावर येतं, ते मला आवडत नाही. त्या कौतुकात त्यांना काय काय सोसायला लावलं गेलं ते झाकलं जातं.

आतेलाही परदेशी जायची संधी आली होती. लेक शाळकरी होती तेव्हा तैवानमधल्या एका कारखान्याची जागा होती, पगार इथल्यापेक्षा कितीतरी जास्त. एजंटची फी भरायला लोलाने स्वतःची साखळी काढून दिली. आतेने फॉर्मवर सहीसुद्धा केली आणि निघायच्या आदल्या रात्री तिने नवऱ्याला सांगितलं की ती जाणार नाही. का, ते मी तिला विचारलं होतं. ती म्हणाली, "मुलांनी 'नानाय' म्हणून हाक मारली, तर ओ देण्याइतक्या अंतरावर मला राहायचं होतं." ती साखळी एजंटकडे गेली ती परत आली नाही. घराचा वरचा मजला अजून बांधलेला नाही, सळ्या तशाच वर निघालेल्या आहेत. त्या मजल्याच्या जागी तिने काय निवडलं ते मी रोज खिडकीतून बघते, म्हणून तिच्या आनंदांना 'साधे' म्हणताना माझी जीभ अडखळते.

तर हे ते आनंद.

पंधरा आणि तीस तारीख. इथे पगार महिन्यातून दोनदा होतो. आधीचे चार दिवस ओढाताणीचे असतात. तेव्हा कोपऱ्यावरच्या सारी-सारी दुकानात शांपूची एक पुडी, तेलाची वाटीभर पिशवी, लसणाचा एकच गड्डा, असं सुटं सुटं घ्यायचं आणि वहीत नाव लिहून ठेवायचं. पगाराच्या संध्याकाळी ती आधी त्या दुकानात जाते, वहीतलं नाव खोडून घेते आणि मग मुलांसाठी काहीतरी घेऊन येते. रिकाम्या हातांनी घरी यायचं नाही हा इथला दंडक आहे. कधी केळं साखरेत घोळवून, पातळ पारीत गुंडाळून तळलेलं तुरोन, कधी बुको पाय, म्हणजे शहाळ्याच्या कोवळ्या मलईचं सारण भरून भट्टीत भाजलेला गोड पदार्थ, जो घ्यायला लोक मनिलाहून आमच्या हमरस्त्यावर गाड्या थांबवतात. ऑगस्टपासून लान्झोनेस येऊ लागतात, द्राक्षाच्या घडासारखी दिसणारी, पातळ सालीची, आत पाकळ्या असलेली फळं. एक किलो लान्झोनेस मधे ठेवून सगळं घर पायरीवर बसतं आणि सालींचा ढीग होईपर्यंत कोणी उठत नाही. कडू बी चावलं की धाकटा तोंड वाकडं करतो आणि पुन्हा हात घालतो.

रविवारी सकाळी चर्च, दुपारी लोलाच्या बहिणीकडे जेवण आणि मग व्हिडिओके. गाण्याचं हे यंत्र फिलिपिनो माणसाच्या जगण्यात किती खोलवर आहे ते इथे राहिल्याशिवाय समजत नाही. रॉबर्टो देल रोसारिओ या फिलिपिनो संशोधकाने १९७५ साली सोबत गाण्याचं यंत्र तयार केलं आणि पुढे त्याचं पेटंटही मिळवलं, हे इथे अभिमानाने सांगतात. गल्लीतल्या कुठल्याही वाढदिवसाला ते भाड्याने येतं. आते एरवी हळू बोलते. माइक हातात आला की तिचा आवाज पाच घरांपर्यंत जातो. गाणं संपलं की पडद्यावर गुण येतात, आणि नव्वदच्या वर गेले की लोला टाळ्या वाजवते. ज्या बाईने कॅसेट भरून गाणी पाठवली, तिच्यासमोर बसून तिची मुलगी आता गाते. मला या बाबतीत कोणाच्या तक्रारी ऐकायच्या नसतात, आवाज कितीही मोठा असो.

आणि वादळाची सुट्टी. फिलिपिन्सच्या हद्दीत वर्षाला सरासरी वीसेक वादळं शिरतात. त्यातली काही घरं उचलून नेतात. २००६ च्या सप्टेंबरमधलं मिलेन्यो आणि २०१४ च्या जुलैमधलं ग्लेन्डा ही नावं आमच्या गावात अजून दबक्या आवाजात निघतात, मिलेन्योच्या वेळी माकिलिंगवरून चिखल खाली आला होता. पण बरीच वादळं नुसता मुसळधार पाऊस घेऊन बाजूने निघून जातात. त्या दिवशी पहाटे आया फोन हातात धरून बसलेल्या असतात, आज शाळा नाही असा संदेश महापौरांच्या कचेरीतून येतो का ते बघत. तो आला की आते पुन्हा गॅस पेटवते आणि चांपोरादो करते, म्हणजे चिकट तांदळाची कोको घातलेली काळी गोड खीर. सोबत खारवून सुकवलेला मासा, तळलेला. गोड चॉकलेटच्या खिरीबरोबर सुकी मासळी! माझ्या राजापुरी जिभेला मासळी नवी नव्हती, पण हा जोड नवा होता. एक चमचा खीर, त्यावर माशाचा एक कुरकुरीत तुकडा, बाहेर पाऊस. आता वादळाचा इशारा आला की मीच तिच्याकडे बांगड्याचं सुकं घेऊन जाते, आईने पाठवलेलं.

धाकट्याच्या जन्माचीही एक गोष्ट सांगायला हवी. थोरलीच्या वेळी आतेला बाळंतपणाची साठ दिवसांची रजा मिळाली होती, कारण तेव्हा कायदाच तेवढा होता. दोन महिन्यांचं बाळ लोलाच्या बहिणीकडे ठेवून ती कामावर गेली. फेब्रुवारी २०१९ मध्ये नव्या कायद्यावर सही झाली आणि भरपगारी रजा १०५ दिवसांची झाली. त्यातले सात दिवस आईला हवे तर बापाला देता येतात. धाकटा त्यानंतर जन्मला. ते सात दिवस तिने नवऱ्याला दिले. २००९ च्या कायद्यामुळे कामाच्या ठिकाणी स्तनपानासाठी वेगळी खोली आणि आठ तासांच्या कामात निदान चाळीस मिनिटांचा वेळ द्यावा लागतो, तोही तिला मिळाला. आपल्याकडे २०१७ पासून २६ आठवडे आहेत, त्या मानाने १०५ दिवस थोडे वाटतील. पण साठाचे एकशेपाच झाले तेव्हा एका घरात काय बदललं हे मी आतेच्या तोंडून ऐकलं आहे. "याचं पहिलं हसू मी बघितलं," ती म्हणाली. "हिचं मावशीने बघितलं."

शाळेचं वर्ष संपताना इथे गौरवाचा कार्यक्रम असतो. नाव पुकारलं की मूल मंचावर जातं आणि त्याच्या गळ्यात पदक घालायला पालकाने सोबत जायचं असतं. शिक्षक नाही, प्रमुख पाहुणे नाहीत. घालायचं आईने नाहीतर बापाने. आते शाळेत हुशार होती. दरवर्षी तिचं नाव पुकारलं जायचं आणि मावशी सोबत जायची. मावशी चांगली होती, असं ती प्रत्येक वेळी आवर्जून सांगते. पण पदक गळ्यात पडताना ती मान खाली घालायची, कारण समोरच्या खुर्च्यांत बसलेल्यांकडे बघायचं नसायचं. फोटो काढून हाँगकाँगला पाठवायचे असायचे, त्यामुळे मान वर कर म्हणून छायाचित्रकार ओरडायचा.

तिच्या लेकीच्या दहावीच्या कार्यक्रमाला मी गेले होते. भर उन्हात बास्केटबॉलच्या झाकलेल्या मैदानात खुर्च्या मांडलेल्या, पंखे गरगरत होते, लोक कार्यक्रमपत्रिकेने वारा घेत होते. आतेने रजा घेतली होती, नवरा रात्रपाळीवरून थेट आला होता, लोलाने हाँगकाँगमध्ये घेतलेला फुलांचा ड्रेस घातला होता. लेकीचं नाव पुकारलं गेलं. आते उठली, दोन पावलं गेली, मागे वळली आणि लोलाला म्हणाली, "तुम्ही पण चला." तिघी मंचावर गेल्या. नियम एका पालकाचा आहे, सूत्रसंचालन करणाऱ्या बाईंनी क्षणभर बघितलं आणि काही म्हटलं नाही. पदकाची रिबीन एका बाजूने आतेने धरली, दुसऱ्या बाजूने लोलाने. लेकीने उतरल्यावर सगळ्यांसमोर आजीचा हात आपल्या कपाळाला लावला, इथे थोरांना नमस्कार करतात तसा. मी फोटो काढले, त्यातला एकही धड आला नाही, कारण माझा हात स्थिर राहत नव्हता.

ती लेक आता अकरावीत आहे. मागच्या महिन्यात जेवताना तिने सांगितलं की तिला नर्सिंगला जायचं आहे आणि मग परदेशी, कॅनडा किंवा इंग्लंड. ताटावर हात ठेवून सगळे थांबले. मी त्या दिवशी तिथे होते. मला वाटलं आते दुखावेल. जिने मुलांसाठी तैवान सोडलं, तिची मुलगी आपणहून निघालेली. पण सर्वांत आधी बोलली लोला. ती म्हणाली, "मी गेले ते गहाणाच्या कागदापायी. तू शिकून जाशील. घरकामाला नाही, कामाला." आणि ताटातला माशाचा मधला तुकडा नातीला वाढला. बाप म्हणाला, आधी अकरावीचं गणित सुधार. आते तेव्हा काहीच बोलली नाही.

नंतर शेवग्याखाली आम्ही दोघी पाला खुडत होतो तेव्हा तिने विषय काढला. आपण थांबलो म्हणून मुलीनेही थांबावं असं तिला वाटत नव्हतं. मी थांबले ती माझ्या आनंदासाठी, ती म्हणाली. हिशेब तिच्या नावावर कशाला मांडू? तिला भीती एकाच गोष्टीची होती, की एजंट, कर्ज, गहाण अशा वाटेने मुलीने जाऊ नये. चार वर्षांचं शिक्षण, परवान्याची परीक्षा, सगळं स्वतःच्या पैशाने व्हावं, म्हणजे मुलीला वाटलं तर जाता येईल आणि वाटलं तर नाही म्हणता येईल. मी तिला विचारलं, आणि मग मुलीची मुलं? ती हसून म्हणाली की तेव्हा ती निवृत्त असेल आणि तिला विमानात बसायची भीती वाटत नाही.

तेराव्या महिन्याचा पगार ती आता नर्सिंगसाठी बाजूला टाकते. १९७५ च्या एका अध्यादेशापासून इथे प्रत्येक मालकाला २४ डिसेंबरच्या आत वर्षाच्या पगाराचा बारावा हिस्सा जास्तीचा द्यावा लागतो. त्यावर नाताळ होतो, जसा आपल्याकडे बोनसवर दिवाळीचा फराळ. या वर्षी नाताळाला नवे कपडे नाहीत असं तिने मुलांना सांगून टाकलं आहे. पण १६ डिसेंबरपासूनच्या नऊ पहाटेच्या प्रार्थना चुकवायच्या नाहीत, आणि चर्चबाहेर निखाऱ्यांमध्ये भाजलेला, केळीच्या पानावरचा बिबिंगका खायचाच, हे धाकट्याने तिच्याकडून कबूल करून घेतलं आहे. तांदळाच्या पिठाचा हा केक गोव्याच्या थरांच्या बेबिंकाहून अगदी वेगळा असतो. वर खारवलेलं अंडं आणि ओलं खोबरं.

गल्लीतल्या बायकांची एक पालुवागान आहे, म्हणजे आपली भिशीच. दर पंधरा दिवसांनी सगळ्या ठरलेली रक्कम टाकतात, एकीला सगळी मिळते. मीही त्यात आहे. चिठ्ठीत आतेची पाळी पुढच्या मेमध्ये निघाली, माझी या डिसेंबरमध्ये. ती परवा विचारायला आली होती, अदलाबदल करशील का. गावातल्या एका कॉलेजात जानेवारीतच आगाऊ पैसे भरले तर पुढच्या वर्षीच्या फीत सूट आहे. वहीत माझं नाव खोडून तिचं लिहिलं आणि तिच्या जागी माझं. सही करताना तिने चष्मा मागितला. दाणे निवडून निवडून जवळचं दिसेनासं झालंय, पण संस्थेत अजून सांगितलेलं नाही. शनिवारी मी तिला कालाम्बाला डोळे तपासायला घेऊन जाणार आहे. येताना सांताक्रूझचं केसोंग पुती मिळालं तर दोन्ही घरांसाठी घ्यायचं ठरलं आहे.